२१ वर्षांनंतरचा 'एम बी व्ही': माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा अल्बम, गाण्यागणिक

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडचा 'लव्हलेस' हा अल्बम ४ नोव्हेंबर १९९१ला आला आणि त्यानंतरचा अल्बम, 'एम बी व्ही', थेट २ फेब्रुवारी २०१३ला. मधल्या २१ वर्षांत 'लव्हलेस'ची कीर्ती इतकी वाढली की नव्या अल्बमकडे लोक एकच प्रश्न घेऊन गेले: पूर्वीसारखं जमलंय का? पहिल्या तीन गाण्यांतच याचं उत्तर 'हो' असं मिळतं, आणि बरेच ऐकणारे तिथेच समाधान मानून बाकीचं उरकून टाकतात. तसं करू नका. या अल्बमचं खरं मोल चौथ्या गाण्यापासून पुढे आहे. शेवटच्या तीन गाण्यांत तर बँड अशा ठिकाणी पोहोचतो जिथे 'लव्हलेस'शी तुलना करून काहीच हाती लागत नाही.

नऊ गाणी, जेमतेम ४७ मिनिटं. रचना सरळ आहे: तीन-तीन गाण्यांचे तीन गट. पहिला गिटारचा, दुसरा कीबोर्डचा आणि मोकळ्या जागेचा, तिसरा ड्रम्सचा. एवढं ध्यानात ठेवून ऐकलं की गाण्यांचा क्रम असा का लावलाय ते कळतं. शफलवर लावलात तर हा अल्बम हातातून निसटतो.

मधल्या वर्षांबद्दल थोडक्यात, कारण त्याचा आवाजाशी संबंध आहे. गिटारवादक-गायक केव्हिन शील्ड्स आणि ड्रमर कोल्म ओ कीसोग यांनी १९८३ साली डब्लिनमध्ये बँड सुरू केला. पुढे डेबी गूज बेसवर आली आणि १९८७मध्ये बिलिंडा बुचर गायला आणि गिटार वाजवायला. 'लव्हलेस'साठी डझनाहून जास्त स्टुडिओ आणि दोनेक वर्षं लागली. त्यानंतर क्रिएशन या लेबलनं, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपनीनं, त्यांना सोडलं आणि बँड आयलंड या लेबलकडे गेला. दक्षिण लंडनमधल्या घरात स्टुडिओ उभारला, काम सुरू झालं, पण अल्बम काही निघेना. १९९५च्या सुमारास गूज आणि ओ कीसोग बाहेर पडले आणि १९९७पर्यंत सगळं थांबलं. त्या शेवटच्या काळात, म्हणजे १९९६-९७मध्ये, ध्वनिमुद्रित केलेलं बरंच साहित्य या अल्बमच्या मुळाशी आहे. ब्रिटनमध्ये जंगल आणि ड्रम अँड बेस हे तुटक, वेगवान ठेक्यांचं नृत्यसंगीत जोरात होतं तो हा काळ, आणि शील्ड्स ते संगीत मन लावून ऐकत होता. शेवटच्या तीन गाण्यांचा ठेका कुठून आला याचं उत्तर इथे सापडतं. २००८मध्ये बँड पुन्हा मंचावर आला, २०१२मध्ये जुन्या अल्बमांच्या रीमास्टर आवृत्त्या निघाल्या आणि २७ जानेवारी २०१३ला लंडनच्या ब्रिक्स्टनमधल्या कार्यक्रमात शील्ड्सनं प्रेक्षकांना सांगितलं की अल्बम दोन-तीन दिवसांत येईल. आठवडाभरातच तो बँडच्या स्वतःच्या वेबसाइटवर आला. गर्दीनं साइट लगेच कोसळली, पण कुठल्याही लेबलशिवाय, जाहिरातीशिवाय अल्बम निघाला होता.

आता आवाजाकडे. हा बँड नव्यानं ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात वाटतं की टेप खराब आहे किंवा प्लेअरचा वेग हलतोय. कारण कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेला स्वरांचा गुच्छ, स्थिर राहत नाही; ती किंचित खाली उतरते, वर येते, पुन्हा उतरते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हे लवकर उमगेल. याला मींड म्हणता येणार नाही, कारण मींडेत एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचं असतं. हे आंदोलनाच्या जवळचं आहे: स्वर आपल्या जागेभोवती झुलतो. फरक असा की इथे एकटा स्वर झुलत नाही, सहा तारांची अख्खी कॉर्ड, डिस्टॉर्शनसकट (मुद्दाम फाडलेल्या, घोगऱ्या आवाजासकट), एकत्र झुलते. डिस्टॉर्शनमध्ये तारांचे स्वर एकमेकांत मिसळून नवे स्वर तयार होतात. कॉर्ड हलली की तेही हलतात, पण एकाच प्रमाणात नाही, कारण ट्रेमोलो आर्म (तारा एकदम सैल-ताठ करणारी गिटारवरची दांडी) दाबल्यावर जाड तारा आणि बारीक तारा वेगवेगळ्या उतरतात. त्यातून तो धूसरपणा येतो.

हे सगळं हातानं केलेलं आहे. कोरस पेडल (स्वराला यंत्रानं झुलवणारं उपकरण) लावून तसा आवाज मिळेल असं अनेक गिटारवाल्यांना वाटतं, आणि मग ते निराश होतात. कोरसचा झोल ठरावीक वेगानं येतो-जातो; शील्ड्सचा झोल उजव्या हाताच्या फटक्याशी बांधलेला आहे. तो फेंडर कंपनीची जॅझमास्टर किंवा जॅग्वार गिटार वापरतो, ट्रेमोलो आर्म नेहमीपेक्षा उंच आणि सैल ठेवतो, आणि आर्म मुठीत धरूनच तारा छेडतो. त्यामुळे प्रत्येक फटक्याबरोबर आर्म आपोआप हलतो. फटका जोरात, तर झोल मोठा. ठेका बदलला की झोलही बदलतो.

वाजवून बघायचं असेल तर काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. १९५८ साली आलेली जॅझमास्टर जाड तारांसाठी आखलेली गिटार आहे. तिच्या ब्रिजपासून (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीपासून) तारांचा मागचा आधार लांब आहे, म्हणून ब्रिजवरून तार जाताना कोन फार कमी पडतो. नऊ किंवा दहाच्या सेटमधल्या (आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजारांशांत) बारीक तारा लावून जोरात फटके मारले की तारा ब्रिजच्या खाचांतून उडतात, किंवा बारीक किणकिण ऐकू येत राहते. अकरा किंवा बाराचा सेट लावा. तरीही तार उडत असेल तर मानेच्या खाचेत शिम, म्हणजे पातळ पाचर, घालून मान किंचित मागे झुकवतात, मग ब्रिज वर घेता येतो आणि कोन वाढतो. दुसरी अडचण सूर परत न येण्याची. जॅझमास्टरचा ब्रिज आर्मबरोबर पुढेमागे डुलणं अपेक्षित आहे; तो एका बाजूला कलंडून अडकला की सगळी गिटार बेसूर होते. नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचांत तार अडकत असेल तर तिथे ग्रॅफाइट लावा. फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टर गिटारवर हे तंत्र जमत नाही असं नाही, पण तिचा आर्म आट्यांवर घट्ट बसतो, स्प्रिंग कडक असतात, आणि हात सैल सोडून छेडायची मोकळीक तेवढी मिळत नाही.

या आवाजाचा दुसरा भाग रिव्हर्स रिव्हर्बचा, म्हणजे उलट्या घुमाराचा. १९८०च्या दशकातल्या यामाहा एसपीएक्स ९०सारख्या यंत्रांत असा प्रोग्रॅम असतो ज्यात रिव्हर्बची शेपटी विझत जाण्याऐवजी फुगत जाते. शील्ड्स त्यात मूळ गिटारचा आवाज पूर्ण काढून टाकतो आणि फक्त रिव्हर्ब ठेवतो. परिणामी तारेवर प्लेक्ट्रम (छेडायची पट्टी) आपटल्याचा टोकदार आवाज नाहीसा होतो आणि सूर कुठूनतरी उगवल्यासारखा येतो. लोक इथे चूक करतात ती मूळ आवाज थोडासा शिल्लक ठेवण्याची. दहा टक्के जरी ठेवला तरी फटका ऐकू येतो आणि सगळा परिणाम मोडतो.

हे समजून घेऊन 'शी फाउंड नाऊ' ऐका. पाच मिनिटांचं हे पहिलं गाणं. ड्रम्स जवळजवळ नाहीतच. खोल तळाशी एक मंद ठोका आहे, तो लहान स्पीकरवर अजिबात ऐकू येत नाही. गिटारचे थर एकमेकांवर सरकतात आणि शील्ड्स ओठांतल्या ओठांत गातो. 'लव्हलेस'मधल्या अशाच संथ गाण्याची आठवण येते आणि ती आणून देण्यासाठीच हे गाणं पहिलं ठेवलंय असं वाटतं. फरक बारीक आहे पण महत्त्वाचा: इथे थर वेगवेगळे ओळखू येतात. 'लव्हलेस'मध्ये गिटार एका गोळ्यात येते. इथे जवळची कोणती, लांबची कोणती, ते कळतं.

'ओन्ली टुमॉरो' सहा मिनिटांहून मोठं, बुचरच्या आवाजातलं. गिटार इतकी घोगरी आहे की पहिल्यांदा ऐकताना स्पीकर फाटल्याची शंका येते. ते डिस्टॉर्शन मूळचंच आहे. गाणं शेवटाकडे येतं तेव्हा शब्द संपतात आणि एक सोपी, उंच पट्टीतली गिटारची धून सुरू होते. तीच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. धून बदलत नाही, खालच्या कॉर्ड बदलतात आणि त्यामुळे तेच स्वर कधी आनंदी, कधी उदास वाटतात. अल्बममधला हा सगळ्यात सुंदर भाग आहे, आणि त्यात गुंतागुंत म्हणावी असं काहीही नाही. 'हू सीज यू' त्याच वळणाचं तिसरं गाणं. हे गाणं वाईट नाही, पण सहा मिनिटं लांबवण्याइतकं त्यात नवं नाही. या तीनमधून एक काढायचं म्हटलं तर हेच जाईल.

मग 'इज धिस अँड येस' सुरू होतं आणि गिटार गायब होते. ऑर्गनसारखा कीबोर्ड, खाली हलका ठोका, वर बुचरचा शब्दांपलीकडे गेलेला आवाज. कॉर्डचा क्रम असा आहे की प्रत्येक वेळी वाटतं आता सम येईल, विसाव्याची जागा येईल, आणि ती येत नाही. पाच मिनिटं असंच तरंगत राहून गाणं मधेच थांबतं. अनेकांना हे गाणं अपुरं वाटलं. पण आधीच्या सतरा-अठरा मिनिटांच्या गजरानंतर कान इथे नव्यानं उघडतो, आणि पुढचं सगळं ऐकायला तो उघडा असणं गरजेचं आहे. हे गाणं ओलांडून पुढे गेलात तर सातवं गाणं अंगावर येतं. हे ऐकून गेलात तर तेच उमजतं.

'इफ आय ॲम' सौम्य, पावणेचार मिनिटांच्या आसपासचं, गिटार परत आलेली पण मवाळ. 'न्यू यू' हे अल्बममधलं सर्वांत सरळ पॉप गाणं. उड्या मारत जाणारा बेस, थरथरता कीबोर्ड, बुचरची गुणगुण. ब्रिक्स्टनच्या कार्यक्रमात अल्बमच्या आधी हेच वाजवलं गेलं होतं. हा बँड कधीच न ऐकलेल्या माणसाला काय ऐकवावं, असं कुणी विचारलं तर सहावं गाणं द्या, पहिलं नको.

आणि मग शेवटचे तीन.

'इन अनदर वे'मध्ये ड्रम्स पहिल्यांदा पुढे येतात. वेग वाढतो, गिटार किंचाळते, बुचर मात्र आधीच्याच संथ लयीत गात राहते. ठेका पळतोय आणि गाणारी चालतेय, या दोन वेगांतला ताण हेच गाण्याचं इंजिन. कडव्यांच्या मधे कीबोर्डवर एक उजळ, मोकळी धून येते आणि प्रत्येक वेळी ती जरा जास्त वेळ थांबते. शेवटी तीच उरते.

'नथिंग इज' हे साडेतीन मिनिटांचं वाद्यगीत आहे आणि त्यावरून भांडणं होतात. एक छोटा गिटार-तुकडा, त्याखाली हातोडीसारखे ड्रम्स, आणि तेच सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ज्यांना कंटाळा येतो ते बहुधा हळू आवाजात ऐकत असतात. व्हॉल्यूम योग्य असेल तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, आवाज इतक्या सावकाश वाढत जातो की वाढतोय हे कळत नाही. मधलाच एखादा क्षण आणि पहिले दहा सेकंद लागोपाठ वाजवून बघा, फरक जाणवेल. दोन, तोच तुकडा इतक्या वेळा ऐकल्यावर कान त्याच्या आतले वरचे स्वर वेचू लागतो आणि प्रत्यक्षात न वाजलेल्या धुना ऐकू येऊ लागतात.

'वंडर २' या सगळ्याचं टोक आहे. जंगलच्या धाटणीचे तुटक, वेगवान ड्रम्स, पण ते समोर नाहीत. आवाजाच्या एका मोठ्या लाटेखाली दबलेले आहेत. ती लाट म्हणजे फ्लँजर. त्याचं गणित सोपं आहे: एखाद्या आवाजात त्याचीच किंचित उशिरा येणारी प्रत मिसळायची आणि तो उशीर सतत बदलत ठेवायचा. उशीर एक मिलिसेकंद असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठरावीक अंतरानं स्वर कापले जातात. उशीर अर्ध्यावर आला की हे खड्डे दुप्पट उंचीवर सरकतात. खड्डे सरकले की डोक्यावरून जेट विमान गेल्यासारखा आवाज येतो. साधारणपणे हा परिणाम एका गिटारवर काही सेकंद वापरतात. इथे तो जवळजवळ सगळ्या गाण्यावर पसरलेला आहे, पावणेसहा मिनिटं. त्याच्या आत कुठेतरी एक हळवी, नीट बांधलेली चाल आहे. तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात ती सापडते आणि मग पुन्हा हरवत नाही. एखादा बँड २१ वर्षांनी परततो आणि अल्बमचा शेवट असा करतो, इतकी हिंमत फार कमी जणांनी दाखवली आहे.

शब्दांबद्दल एवढंच की ते शोधू नका. आवाज गिटारच्या पातळीला किंवा त्याखाली मिसळलेले आहेत आणि ते जाणूनबुजून. शब्द पुढे आणायला इक्वलायझरवर २ ते ४ किलोहर्ट्झ वाढवलंत तर शब्द येणार नाहीत, गिटारची धार तेवढी कानात घुसेल.

आता ऐकायचं कसं, हा प्रश्न या अल्बमच्या बाबतीत नेहमीपेक्षा मोठा आहे. ध्वनिमुद्रण दोन इंची, २४ ट्रॅकच्या ॲनालॉग टेपवर झालं, मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र करून तयार झालेला आवाज) अर्ध्या इंची टेपवर उतरवला गेला आणि रेकॉर्डसाठीच्या मास्टरिंगमध्येही (छपाईआधीच्या शेवटच्या तयारीतही) डिजिटल प्रक्रिया वापरली नाही. सीडीही त्याच टेपवरून, आवाजाची टोकं दाबून न टाकता केलेली. आजकालचे बहुतेक रॉक अल्बम मास्टरिंगमध्ये लिमिटरनं (आवाजाची टोकं दाबणाऱ्या यंत्रानं) दाबलेले असतात, त्यामुळे कमी व्हॉल्यूमवरही ते मोठे वाटतात. 'एम बी व्ही' त्यांच्या शेजारी लावला तर हळू आणि मऊ वाटेल. हा दोष नाही, उपाय व्हॉल्यूमच्या बटणावर आहे. नेहमीच्या जागेपेक्षा बटण थोडं पुढे न्या आणि 'न्यू यू'मधला बेस अंगाला जाणवेल इथपर्यंत आणा. ही पातळी पूर्ण अल्बमसाठी बरोबर ठरते. 'इज धिस अँड येस'ला व्हॉल्यूम वाढवायचा मोह टाळा, पुढे महागात पडेल.

व्हॉल्यूमची मर्यादा मात्र पाळायला हवी. हा बँड कार्यक्रमांत इतका मोठा वाजतो की प्रेक्षकांना दारातच कानात घालायचे बोळे दिले जातात, आणि घरी तसंच ऐकायची हौस अनेकांना असते. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेतली 'नायॉश' संस्था ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा सांगते, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक. त्या हिशेबानं ९४ डेसिबलवर एकदा हा अल्बम ऐकला की दिवसाचा बहुतेक कोटा संपला. ८५च्या आसपास ठेवलात तर अल्बम पूर्ण खुलतो आणि कानही शाबूत राहतात. फोनवरचं साधं ध्वनिमापक ॲप अंदाजापुरतं चालतं.

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर ॲपच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूम सारखा करणारा पर्याय बघा. तो गाण्यागणिक काम करत असेल तर शांत गाणी वर आणि मोठी गाणी खाली येतात, आणि चौथ्या गाण्याचा सगळा अर्थ त्या फरकात आहे. अल्बमनिहाय पर्याय असेल तर तो ठेवा, नसेल तर बंद करा. गुणवत्ता उपलब्ध असेल ती सर्वांत वरची निवडा. एरवी बिटरेटवरून (सेकंदाला फाइलीत किती माहिती, यावरून) चालणारी बरीच भांडणं फोल असतात, पण इथे कारण ठोस आहे. दाबून लहान केलेल्या फाइलींना सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला, गोंगाटासारखा आवाज सांभाळणं सर्वांत अवघड जातं. कमी बिटरेटला वरचे स्वर पाणचट होऊन गरगरू लागतात. 'वंडर २'मध्ये आवाज मुळातच गरगरतोय. मग कुठली गरगर शील्ड्सची आणि कुठली फाइलची, हे ओळखायला मार्ग उरत नाही. साध्या कोडेकवर (आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या ब्लूटूथ हेडफोनचंही तेच. या एका अल्बमसाठी तरी वायरचा हेडफोन काढा. फोनच्या स्पीकरवर तर लावूच नका, तळाचा ठोका आणि डाव्या-उजव्या बाजूंतलं अंतर दोन्ही जातं.

स्पीकर असतील तर ते हेडफोनपेक्षा चांगले. गिटारचा झोल खोलीतल्या हवेत मिसळल्यावर जास्त खरा वाटतो. बेस फार घुमत असेल तर स्पीकर भिंतीपासून फूटभर तरी पुढे ओढा. पहिल्या तीन गाण्यांत मधले स्वर आधीच दाट आहेत, त्यात भिंतीचा घुमार मिसळला की सगळ्याचा लगदा होतो.

रेकॉर्डवर ऐकणाऱ्यांसाठी एक खास सूचना. जवळपास ४७ मिनिटं एका रेकॉर्डच्या दोन बाजूंवर बसवायची म्हणजे बाजूला सुमारे २३ मिनिटं येतात. बेस जड असलेल्या संगीतासाठी ही लांबी बरीच आहे, त्यामुळे खाचा थोड्या कमी पातळीवर कापाव्या लागतात आणि इथेही व्हॉल्यूम वाढवावा लागतो. त्यातून 'वंडर २' दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, म्हणजे रेकॉर्डच्या आतल्या वर्तुळात येतं. ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आत जेमतेम २० ते २२. तेवढ्याच वेळेचं संगीत निम्म्याहून कमी जागेत. वरचे स्वर तिथे आधी बिघडतात, आणि या गाण्यात वरचे स्वर ठासून भरलेले आहेत. सुई झिजलेली असेल किंवा कार्ट्रिजची (सुई धरणाऱ्या भागाची) बसवणूक तिरकी असेल तर ते कर्कश, फाटलेलं ऐकू येईल आणि बँडवर आळ जाईल. आधी प्रोट्रॅक्टर (कोन मोजायची पट्टी) लावून बसवणूक तपासा. कोनिकल (गोल टोकाच्या) सुईऐवजी एलिप्टिकल (लंबगोल टोकाची) किंवा त्याहून बारीक धारेची सुई या गाण्याला स्पष्ट फरक पाडते. तपासायची सोपी खूण: शेवटचं गाणं डिजिटल प्रतीवर ऐका आणि लगेच रेकॉर्डवर. झांजांची सळसळ दोन्हीकडे सारखी असायला हवी. रेकॉर्डवर तिच्याऐवजी 'स्स'सारखी थुंकी उडाल्याचा आवाज येत असेल तर सुई किंवा बसवणूक, दोहोंपैकी एक दोषी आहे.

उणिवा आहेतच. 'हू सीज यू' लांबतं हे वर आलंच. 'इफ आय ॲम' आवडण्यासारखं आहे पण लक्षात राहत नाही. पहिल्या दोन गटांना तिसऱ्या गटाशी जोडणारा धागा थोडा कच्चा आहे; 'न्यू यू'वरून 'इन अनदर वे'वर जाताना दोन वेगळ्या काळांतलं काम शेजारी ठेवल्यासारखं वाटतं. 'लव्हलेस'मध्ये गाणी एकमेकांत वितळवणारे छोटे तुकडे होते, इथे प्रत्येक गाणं आपापलं संपतं. एकसंध अनुभव म्हणून 'लव्हलेस' अजून सरस आहे. पण त्या अल्बमच्या पलीकडे काय असू शकतं हे 'लव्हलेस' सांगू शकत नव्हता, आणि पुढे शेकडो बँडनी त्याचीच नक्कल करत ही जागा भरून टाकली. शील्ड्सनं पहिल्या तीन गाण्यांत त्या नकलांना मूळ आवाज ऐकवला आणि उरलेल्या सहांत तो पुढे गेला.

विकत घ्यायचा तर कुठली प्रत? २०१३ची मूळ प्रत बँडनं स्वतः काढली होती आणि दुकानांत ती सहज मिळत नव्हती. त्या स्वतंत्र विक्रीमुळेच, वितरणाच्या अटीत न बसल्यानं, अल्बम त्या वर्षीच्या मर्क्युरी प्राइझ या ब्रिटिश संगीत पुरस्कारासाठी पात्र ठरला नव्हता. आता तिच्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. बँडनं २०२१मध्ये डॉमिनो लेबलशी करार केला, मार्चअखेरीस सगळे अल्बम स्ट्रीमिंगवर आले आणि २१ मे रोजी रेकॉर्ड आणि सीडी बाजारात आल्या. 'लव्हलेस'ची साधी रेकॉर्ड डिजिटल स्रोतावरून आणि डिलक्स ॲनालॉगवरून कापली आहे, त्यामुळे तिथे निवड करावी लागते. 'एम बी व्ही'च्या साध्या आणि डिलक्स दोन्ही रेकॉर्ड पूर्ण ॲनालॉग आहेत, तेव्हा आवाजासाठी साधी पुरते. टर्नटेबल नसेल किंवा त्याची बसवणूक कधी तपासलेली नसेल तर सीडी घ्या: ती दाबलेली नाही, आणि शेवटचं गाणं तिच्यावर कुठल्याही खटपटीशिवाय नीट वाजतं.